कोल्हापुरातून थीम पार्कला: काय ठरवून जायचं आणि काय मोकळं सोडायचं

सुट्टीचा विषय निघाला की आपल्याकडं घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "तिथं गेल्यावर बघू की." दुसरा वही काढतो आणि सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंतचं वेळापत्रक मांडायला बसतो. पन्हाळ्याला जायचं असेल तर पहिल्याचं बरोबर आहे. मनात आलं, गाडी काढली, तीन दरवाज्यापाशी थोडं बसलो आणि परत आलो. थीम पार्कला हे चालत नाही. तिथलं तिकीट ठरावीक तारखेचं असतं, राइडला उंचीची अट असते, आणि खोपोलीजवळचं इमॅजिका हे पार्क कोल्हापूरपासून सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. म्हणून जे तिथं पोचल्यावर सुधारता येत नाही तेवढंच आधी पक्कं करा, आणि ते खरंच पक्कं करा. बाकी दिवसाला हात लावू नका.

पहिली पायरी: तारीख

शनिवार-रविवार टाळा, हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण नोव्हेंबर ते जानेवारीत शाळांच्या सहली निघतात, त्याही आठवड्याच्या मधल्या दिवशी. त्या दिवसांत मंगळवारीसुद्धा बसच्या बस उतरतात. तारीख ठरवण्याआधी पार्कला फोन करून त्या दिवशी मोठ्या सहली आहेत का, एवढं विचारा.

पावसाळ्यात गर्दी कमी असते. पण खोपोलीचा पाऊस म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस. जोराचा पाऊस किंवा विजा सुरू झाल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. त्या दिवसांत जायचंच असेल तर तारीख बदलता येणारं तिकीट मिळतं का ते बघा आणि तिकिटाच्या अटी पैसे भरण्याआधी वाचा. थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही एका दिवसात उरकू नका. पैसे वाचल्यासारखं वाटतं, पण दोन्ही अर्धवट होतात.

दुसरी पायरी: मुलांची उंची आणि मोठ्यांची चाल

घरी भिंतीला टेकवून मुलांची उंची मोजा आणि पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडपुढं दिलेल्या अटीशी ताडून बघा. ज्या राइडला मूल बसू शकत नाही तिचं नावही त्याच्यापुढं काढू नका. रांगेत तासभर उभं राहून शेवटच्या फाटकाशी "उंची कमी आहे" हे ऐकल्यावर लहान मुलाचा चेहरा जसा उतरतो, त्यानंतर त्या दिवसाची मजा परत आणणं फार अवघड असतं.

आजी-आजोबा बरोबर असतील तर आधी एकदा सगळ्यांनी कणेरी मठावरचं सिद्धगिरी म्युझियम बघून या. गावगाड्याचे ते देखावे सुंदर आहेतच, शिवाय तिथं बरंच चालावं लागतं. आजींचे पाय किती वेळानं दुखायला लागतात, धाकटं कधी कडेवर मागतं, कुणाला किती वाजता भूक लागते, हे सगळं एका सकाळी कळतं. कागदावरच्या कुठल्याही आखणीपेक्षा मला ही माहिती मोलाची वाटते.

तिसरी पायरी: प्रवास आणि मुक्काम

रात्री निघून सकाळी थेट पार्कच्या दारात उतरायचा बेत करू नका. गाडीत कुणाचीच झोप होत नाही, आणि अशा अंगानं रोलर कोस्टरवर बसलं की मळमळतं. आदल्या दिवशी सकाळी निघा. महामार्गावर जिथं काम चालू असेल तिथं वळणरस्ते लागतात, पुण्याच्या बायपासला वेळ जातो, तेव्हा हाताशी दोन तास जास्त ठेवा. मुक्काम पुण्यात आत्याकडे करा किंवा लोणावळा-खोपोलीत. ही खोली मात्र आधीच ठरवा, कारण सलग सुट्ट्यांत लोणावळ्यात ऐनवेळी जागा मिळत नाही.

कपड्यांचं थोडक्यात: वॉटर पार्कमध्ये सुती कपड्यांवर पाण्यात सहसा सोडत नाहीत, नायलॉनचे घरूनच न्या. कोल्हापुरी चप्पल घरी ठेवा. चामडं भिजलं की खराब होतं, आणि पाय लोंबकळत राहणाऱ्या राइडवर सैल चप्पल काढूनच बसावं लागतं.

चौथी पायरी: फक्त तीन राइड ठरवा

प्रत्येकाला "तुझी एकच कुठली?" असं विचारा आणि त्यातून घरच्या तीन निवडा. यादी त्यापुढं वाढवू नका. कुठली आधी करायची हे ठरवायला एक साधा हिशोब आहे. ज्या राइडमध्ये एका वेळी थोडीच माणसं बसतात तिची रांग हळू सरकते, ती सकाळी गाठा. इमॅजिकातल्या नायट्रोसारखा मोठा कोस्टर म्हणूनच पहिल्या तासात करावा. ज्या खेळाला थिएटरभर माणसं एकदम आत जातात, तो दुपारी चारलाही फारसं न थांबता मिळतो. तिथल्याच राजासॉरस राइडच्या होडीत अंग भिजतं, ती ऊन चढल्यावर बरी. (राजासॉरस हा खरोखरच आपल्या देशातला डायनासोर आहे. त्याचे अवशेष नर्मदेच्या खोऱ्यात सापडले आणि २००३ मध्ये त्याला हे नाव मिळालं. मुलांना हे आधी सांगा, होडीत बसताना त्यांचे डोळे वेगळेच असतात.)

दार उघडायच्या अर्धा तास आधी पोचा. जेवण साडेअकराला किंवा थेट तीनला घ्या, कारण एक वाजता सगळा पार्क जेवायला बसतो.

पाचवी पायरी: एक वाजता कागद खिशात

ही पायरी वहीवाल्यांना जड जाते, पण सहल इथंच सुरू होते. तीन राइड झाल्या की पुढचं मुलांनी ठरवायचं. मुलीला तीच पाळण्यासारखी राइड पुन्हा पुन्हा हवी असेल तर हवी. "एवढं तिकीट काढलंय, बाकीचं कधी बघणार?" हे वाक्य त्या दिवसापुरतं बोलू नका. मुलाला बँडवाल्यापुढं वीस मिनिटं उभं राहायचं असेल तर तुम्हीही उभे राहा. मोठ्या मुलांना वेगळं सोडायचं असेल तर भेटायची जागा आणि वेळ ठरवून द्या. गर्दीत फोन लागेलच असं धरू नका.

आजींना सावलीतली बाकं शोधून द्या आणि त्यांच्याजवळ आळीपाळीनं कुणीतरी बसा.

परदेशातल्या पार्कला जाणार असाल तर

लेक अमेरिकेत आहे आणि ती ऑर्लँडोला नेणार आहे, अशी घरं आता आपल्याकडंही बरीच आहेत. तिथं आखणीचा भाग मोठा असतो. डिस्ने वर्ल्डमध्ये रांग टाळायचा पास पैसे देऊन घ्यावा लागतो. २०२४ पासून त्यातल्या वेळा आधीच निवडता येतात: डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी, बाकीच्यांना तीन दिवस आधी. हे काम लेकीवर सोपवा, पण तिला आधीच सांगून ठेवा की दुपारच्या वेळा भरू नकोस. साडेनऊ-साडेदहा तासांच्या वेळफरकानं पहिले दोन दिवस दुपारी डोळे मिटतातच, तेव्हा हॉटेलवर जाऊन झोपून संध्याकाळी पुन्हा या.

परतताना

पार्क बंद झाल्यावर त्याच रात्री कोल्हापूर गाठायचा हट्ट धरू नका. चालवणारासुद्धा दिवसभर उन्हात फिरलेला असतो आणि खंबाटकी घाट रात्रीच लागतो. पुण्यात झोपा. सकाळी उठून कुणी "साताऱ्याला थांबू की जरा" म्हणालं, तर थांबा.