कर्नलचं कॉन्फिग बिघडलं? सावरताना या चुका टाळा

लिनक्स कर्नलचं नीट चालणारं कॉन्फिग (कर्नल बिल्ड करताना कुठले पर्याय घ्यायचे ते सांगणारी ‘.कॉन्फिग’ फाइल) बिघडलं की लगेच मेन्यूकॉन्फिग, म्हणजे पर्याय निवडायचा मेन्यू, उघडून आठवेल तसे पर्याय लावत बसू नका. सेव्ह करताना मेन्यूकॉन्फिग आधीची फाइल ‘.कॉन्फिग.ओल्ड’ नावानं ठेवतं खरं, पण ही प्रत एकच असते. बदल करून दुसऱ्यांदा सेव्ह केलं की बिघडलेली फाइलच ‘ओल्ड’ होऊन बसते आणि चांगली जाते. म्हणून आधी ही ‘ओल्ड’ फाइल दुसरीकडे कॉपी करा, तीही सोर्सच्या डिरेक्टरीबाहेर. ‘मेक क्लीन’ कॉन्फिगला हात लावत नाही, पण ‘मेक एमआरप्रॉपर’ दोन्ही फाइली साफ करतं.

तीही गेली? मशीन बूट होत नसेल, तर ग्रब या बूट मेन्यूच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. तो चालू झाला की ‘यूनेम -आर’नं आवृत्ती बघा. बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये त्याच आवृत्तीची कॉन्फिग फाइल बूट डिरेक्टरीत असते. नसेल तर ‘प्रॉक’मधली ‘कॉन्फिग.जीझेड’ झेडकॅटनं उलगडा. तीही दिसत नसेल, तर ‘मॉडप्रोब कॉन्फिग्ज’ चालवून पुन्हा बघा. कधीकधी ही सोय मॉड्यूल (लागेल तेव्हा लोड होणारा कर्नलचा भाग) म्हणून असते. कुठलाच कर्नल उठत नसेल, तर लाइव्ह यूएसबीवरून कर्नल सोर्समधली ‘एक्स्ट्रॅक्ट-आयकेकॉन्फिग’ ही स्क्रिप्ट जुन्या इमेजवर चालवा. आयकेकॉन्फिग (कर्नलमध्ये स्वतःचं कॉन्फिग साठवायची सोय) कर्नलमध्येच बिल्ट-इन असेल, तरच त्यातून काही निघेल.

मिळालेली फाइल नव्या सोर्समध्ये टाकल्यावर ‘मेक ओल्डकॉन्फिग’ प्रत्येक नवा पर्याय विचारतं, तर ‘ओल्डडेफकॉन्फिग’ गुपचूप डीफॉल्ट लावतं. दुसरं सोयीचं आहे, पण ज्या पर्यायाच्या डिपेंडन्सी पूर्ण होत नाहीत तो तुम्ही हातानं लिहिला असला तरी ते न बोलता काढून टाकतं. त्यामुळे नंतर ‘डिफकॉन्फिग’ स्क्रिप्टनं जुनी-नवी फाइल ताडून बघाच. एखादा पर्याय का टिकत नाही, हे मेन्यूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबून शोधलं की ‘डिपेंड्स ऑन’समोर दिसतं.

‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ म्हणत पॅनिक आला, म्हणजे कर्नल अडून थांबला, तर कंसातले आकडे वाचा. शून्य, शून्य असेल तर कर्नलला रूटची डिस्कच सापडलेली नाही: एनव्हीएमई किंवा साटाचा ड्रायव्हर राहिलाय, नाहीतर तो मॉड्यूल आहे आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला असे मॉड्यूल पुरवणारी छोटी फाइलसिस्टम) नाही. रूटचं पॅरामीटर चुकलं असेल तरी हेच होतं. ८, १ असे आकडे असतील तर डिस्क सापडली आहे. फाइलसिस्टमचा पर्याय तपासा. इनिटरॅमएफएस वापरायचा नसेल, तर डिस्कचा ड्रायव्हर आणि फाइलसिस्टम हे दोन्ही बिल्ट-इनच हवेत.

कॉन्फिग छोटं करायला ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरत असाल, तर ते फक्त त्या क्षणी लोड असलेले मॉड्यूल ठेवतं. वायफाय डाँगल, वेबकॅम, पेनड्राइव्ह आधी जोडून घ्या.

उबुंटूचं कॉन्फिग मूळ सोर्सवर वापरताना सर्टिफिकेटची ‘पेम’ फाइल नाही म्हणून बिल्ड अडला, तर ‘सिस्टम ट्रस्टेड कीज’ आणि ‘सिस्टम रिव्होकेशन कीज’ या दोन्हींची किंमत रिकामी करा.

आणि नव्या बिल्डला ‘लोकलव्हर्जन’मध्ये वेगळं नाव द्या. आवृत्ती तीच राहिली तर इन्स्टॉल करताना चालत्या कर्नलचे मॉड्यूल बदलले जातात, मग ग्रबमधून जुना कर्नल निवडूनही उपयोग होत नाही.