मोटारसायकलची सीट काढता-घालताना या चुका टाळा

बॅटरी बसली, फ्यूज उडाला, वायरिंग तपासायचं आहे, की पुष्कळ गाड्यांवर आधी सीट काढावी लागते. काम दोन बोल्टांचं. तरी आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात सीटला बुक्के मारणारी माणसं नेहमीच दिसतात. निघताना छळणारी सीट बहुतेक वेळा मागच्या खेपेला कुणीतरी घाईत बसवलेली असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बोल्टला पहिल्या फेऱ्यापासून पाना लावणं. सीटचे बोल्ट साधारण सहा किंवा आठ मिलिमीटरचे. सहाच्या नेहमीच्या बोल्टला दर मिलिमीटरला एक आटा असतो. जरा तिरका शिरला की आटे एकमेकांवर चढलेच. लांब दांड्याच्या पान्याला ते कळत नाही, बोटांना कळतं. मी बोल्ट आधी उलटा फिरवतो. हाताला हलकंसं ‘टक’ जाणवलं की मगच सुलटा. दोन्ही बोल्ट बोटांनी तीन-चार फेरे आत गेल्याशिवाय पाना खिशातून निघत नाही. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीचं भोक शोधत बसणाऱ्यांना काय सांगावं!

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा भाच्याच्या मित्राची गाडी सीटपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर पठ्ठ्या बॅटरी काढायला बसला. बोल्ट गंजलेले, त्यात एकाचे आटे आधीच चढलेले. मी म्हटलं, गंज सोडवणारा स्प्रे मार, रात्रभर राहू दे. “काका, चालशे!” म्हणत त्याने पान्याला पाइप लावला. बोल्ट फिरला खरा, पण आतला नटही त्याच्याबरोबर फिरू लागला. तो नट फ्रेमच्या पट्टीला वेल्ड केलेला असतो. वेल्ड सुटलं की बोल्ट जन्मभर गोल फिरतो, बाहेर येत नाही. नट धरायचा तर सीट काढायला हवी, आणि सीट काढायची तर नट धरायला हवा! ग्राइंडर लावायला मी सक्त मना केलं, कारण ठिणग्या थेट टाकीखाली आणि फोमवर गेल्या असत्या. शेवटी करवतीचं सुटं पातं फडक्यात धरून फटीतून बोल्ट कापला. मग टाकी उतरवा, वेल्डरकडे जा, नवा नट बसवा. एका रात्रीचा धीर धरला असता तर हे सगळं वाचलं असतं. स्प्रे मुरल्यावरही बोल्ट एकदम सोडायला जाऊ नका. किंचित आवळा, किंचित सोडा, असं करत गंज मोडा. बसवताना आट्यांना ग्रीसचं बोट लावा. गंजलेला नट बोल्टच्याच मापाच्या टॅपने, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराने, साफ करून घेतला तर उत्तमच.

दुसरी चूक पुढच्या टोकाची. सीटखाली पुढे एक जीभ असते, ती टाकीमागच्या पट्टीखाली अडकायला हवी. ती वर राहिली की मागची भोकं जुळत नाहीत, आणि लोक स्क्रूड्रायव्हर घालून ओढाताण करतात. सीट तिरकी धरून आधी पुढे सरकवा, मग मागून खाली टेकवा. पुढचं टोक हाताने उचलून बघा. उचललं गेलं तर जीभ बाहेरच आहे.

किल्लीने उघडणारी सीट अडली तर किल्लीवर जोर काढू नका, तुटेल. लॉकच्या वर सीट तळहाताने दाबून धरा, मग किल्ली फिरवा. खिट्टीवरचा ताण जातो. पावसाळ्यानंतर लॉकच्या केबलमध्ये तेलाचे थेंब सोडा. सीटखाली फडकी, कागद, रेनकोट कोंबायचं बंद करा.

बोल्टखालची नळी आणि वायसर दरवेळी गटारात जातात? ग्रीसने जागेवर चिकटवून ठेवा. सीट टेकवण्याआधी वायरी बाजूला घ्या, फ्रेमवर दबल्या की फ्यूज पुन्हा उडणार.

पाना नको म्हणून हल्ली मुठीचे बोल्ट लावतात. तुमच्या हाताने सुटतं ते चोराच्याही हाताने सुटतं, शिवाय हादऱ्याने ढिलं होतं ते वेगळंच. मी अ‍ॅलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेला, लावतो, खाली स्प्रिंग वायसर. त्याची चावी साइड पॅनेलच्या आत ठेवा. सीटखाली ठेवणारेही मला भेटले आहेत.