नाण्यांच्या लिलावाला पहिल्यांदा जाताय? पुस्तकांचे लॉट सोडू नका

नाणी जमवायला नुकतीच सुरुवात केलेले बरेच जण विचारतात, लिलावात कधीपासून जावं. माझं म्हणणं, पुढचा जो जवळ होईल त्याला जा, पहिल्या वेळी काही नाही घेतलं तरी चालेल, पण भिंग आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा खिशात ठेवा. मी मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत कॅटलॉगवाल्या लिलावांबद्दल बोलत नाहीये हां. नाणेसंग्राहकांच्या मंडळाच्या बैठकीत नाहीतर प्रदर्शनाला जोडून जे छोटे लिलाव होतात ना, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर एक टेबल, आणि बोली पुकारणारे काका ज्यांना निम्म्या हॉलची नावं पाठ असतात, ते.

लिलाव सुरू व्हायच्या आधी लॉट, म्हणजे एका नंबरखाली विकायला ठेवलेलं नाणं किंवा गठ्ठा, हातात घेऊन बघू देतात. नवीन माणूस नेमका हा वेळ चहा पिण्यात घालवतो आणि मग लांबून प्रोजेक्टरवरचा फोटो बघून बोली लावतो. तसं करू नका. ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोब्बर एक तोळा, अधेली म्हणजे अर्धा रुपया ५.८३, पावली म्हणजे पाव रुपया २.९२ च्या आसपास. हे तीन आकडे पाठच करा. वापरून झिजलेला रुपया थोडा कमी भरणारच त्यात काही वावगं नाही, पण नाणं दिसायला अगदी कोरं, एकेक रेघ शाबूत, आणि वजन मात्र ग्रॅमभर कमी, तर गुपचूप खाली ठेवायचं. चुंबक नेत असाल तर जरा सांभाळून, कारण १९४७ चा वाघवाला रुपया निकेलचा आहे आणि तो चुंबकाला चिकटतोच, त्याला खोटा म्हणून हसं करून घेऊ नका. आणि जॉर्ज सहावाचे १९४० पासूनचे रुपये निम्म्याच चांदीचे, तेव्हा जुन्या ९१.७ टक्केवाल्या रुपयांच्या हिशोबाने त्यांची चांदी धरू नका.

मग कडा बघायची, सावकाश, नाणं पूर्ण फिरवून. सगळीकडून शिवण गेल्यासारखी रेघ दिसली तर साच्यात ओतलेलं, म्हणजे खोटं, असायची शक्यता मोठी. एकाच जागी घासल्यासारखं दिसलं, चकाकी वेगळी वाटली, तर तिथे कधीतरी कडी डाखलेली होती. आपल्याकडे राणीछाप रुपये माळेत ओवून गळ्यात घालायचे त्यामुळे असे डाख काढलेले रुपये भरपूर फिरतात, खोटे नसतात पण संग्रहाच्या दृष्टीने किंमत पार उतरते, आणि यादीत ते लिहिलेलं असेलच असं नाही. चिंच-लिंबू लावून घासलेलं नाणं तिरकं धरून दिव्याखाली फिरवलं की केसासारखे ओरखडे एकाच दिशेने चमकतात. मला विचाराल तर काळपट पण न घासलेलं नाणं कधीही बरं.

आता खरी मजा मिक्स लॉटमध्ये असते. एका पाकिटात वीस-पंचवीस नाणी, वर्णन काय तर 'ब्रिटिश इंडिया, मिक्स'. बहुतेक वेळा साधाच माल असतो, पण विकणाऱ्याने प्रत्येक नाणं तपासलेलं नसतं आणि तुम्ही तपासलं असेल तर फरक पडतो. उदाहरणार्थ व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया. तो १८६२ नंतरही कित्येक वर्षं तेच साल टाकून पाडला जात होता, पार १८७४ पर्यंत साल बदललंच नाही, आणि मुंबई टाकसाळीच्या नाण्यांवर जे बारीक ठिपके दिसतात त्यांच्या संख्येवरून आणि जागेवरून ते खरं कधीचं ते लावतात. काही प्रकार ढिगाने मिळतात, काही शोधून सापडत नाहीत. किंवा १९११ चा जॉर्ज पाचवाचा रुपया, राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंबाबोंब झाली, नाणी परत घ्यावी लागली आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला. पाकिटात १९११ दिसला की आधी भिंग काढा.

आणि हे सगळं कळतं कशावरून, तर पुस्तकांवरून. म्हणून म्हणतो की पुस्तकांचे लॉट सोडू नका. बऱ्याचदा ते यादीच्या अगदी शेवटी असतात, तोवर चांदी-सोन्याचे लॉट संपून निम्मा हॉल रिकामा झालेला असतो, डीलर मंडळी बिलं करायला उठलेली असतात, आणि एखाद्या जुन्या संग्राहकाच्या घरून आलेला पुस्तकांचा गठ्ठा एक-दोन बोलीत जातो. नाणं हुकलं तर पुन्हा कुठेतरी येतं, पण छापून संपलेलं पुस्तक पुन्हा कधी समोर येईल काही सांगता येत नाही.

घेताना कुठलं घ्यायचं ते आपल्या आवडीवर. क्राउझे प्रकाशनाचा जगभरच्या नाण्यांचा जाडजूड कॅटलॉग सगळे घेतात, पण तो शतकवार वेगळा असतो हे नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. व्हिक्टोरियासाठी १८०१ ते १९०० चा खंड लागतो, जॉर्जसाठी १९०१ पासूनचा, आणि पेशवाईतले रुपये बघायचे तर १७०१ ते १८०० चा. आवृत्ती दहा-पंधरा वर्षं जुनी असली तरी बिनधास्त घ्या, त्यातल्या किमती तशाही आपल्या बाजाराशी जुळत नाहीत, आपल्याला हवेत फोटो आणि केएम नंबर, म्हणजे त्या कॅटलॉगने प्रत्येक प्रकारच्या नाण्याला दिलेला क्रमांक. कंपनी सरकार आणि ब्रिटिश नाण्यांत खोल जायचं असेल तर प्रिडमोर या अभ्यासकाचे भारतातल्या नाण्यांवरचे दोन खंड, १९७५ आणि १९८० चे. मराठ्यांच्या टाकसाळींसाठी महेश्वरी आणि विगिन्स यांचं १९८९ चं पुस्तक, ते नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेने काढलं. मराठ्यांच्या रुपयांवर बहुतेक वेळा फारसीत मुघल बादशहाचंच नाव असतं, शाह आलमचं वगैरे, टाकसाळ ओळखायची ती अंकुशासारख्या खुणांवरून, त्यामुळे पुस्तकाशिवाय तिथे काही खरं नाही.

पुस्तकाचा लॉटही नाण्यासारखाच तपासायचा. नाण्यांच्या चित्रांची पानं बऱ्याचदा शेवटी असतात आणि नेमकी तीच कुणीतरी काढून घेतलेली असतात, ती मोजा. बाइंडिंग केलेली झेरॉक्स मूळ पुस्तक म्हणून ठेवलेली असते, फोटो काळे पडलेले दिसले की समजायचं. कसर लागली असेल तर घरातली बाकीची पुस्तकंही जातील. समासात पेन्सिलीने लिहिलेलं असेल तर लोक नाक मुरडतात, मला उलट आवडतं, आधीच्या मालकाने वजनं, कुठे मिळालं, केवढ्याला, असं सगळं टिपलेलं असतं. जुने लिलावांचे कॅटलॉग गठ्ठ्यात आले तर ते फेकू नका, आत कधीकधी कुठला लॉट केवढ्याला गेला त्याची यादी घडी करून ठेवलेली असते.

बोलीबद्दल थोडक्यात. हातोडा पडला त्या किमतीवर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलाव करणाऱ्यांचं घेणाऱ्याकडून घेतलेलं कमिशन, आणि टॅक्स लागतो. समजा १०,००० ला घेतलं आणि प्रीमियम १५ टक्के आहे, तर ११,५०० झाले आणि टॅक्स वेगळा. नियम यादीच्या पहिल्या नाहीतर शेवटच्या पानावर असतात, वाचा. प्रत्येक लॉटसमोर आपला वरचा आकडा हा सगळा खर्च धरून आधीच लिहायचा, कारण समोरचा हट्टाला पेटला की आपणही पेटतो.

रामदरबाराचं चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, साल १६१६ किंवा १८१८, असलं काही लॉटमध्ये दिसलं तर ते चलन नाहीच. कंपनीने असली नाणी पाडलीच नव्हती. 'हे नाणं तांदूळ ओढतं' वगैरे सांगून फसवणाऱ्यांपासून तर चार हात लांब.

बिल मात्र नक्की घ्या, लॉट नंबर आणि वर्णनासकट. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूत मोडतात, घरी ठेवता येतात पण देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाहीत, परदेशातल्या भावाला गिफ्ट म्हणूनसुद्धा नाही. आणि हॉलच्या बाहेर जिन्यात कुणी 'शेतात हंडा सापडलाय, स्वस्तात देतो' म्हणून पुरचुंडी सोडली तर हात लावू नका, एकतर माल खोटा असतो, आणि खरा असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे त्याने तो आधी कलेक्टरला कळवायला हवा होता.