पहिला पेशंट घेण्याआधी कागदांची आणि घड्याळांची तयारी

क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे स्टडीची, एसआयव्ही (आपल्या केंद्रावर स्टडी सुरू करून देणारी भेट) झाली, औषधं आली, आणि ‘पहिला पेशंट कधी?’ असे स्पॉन्सरचे (स्टडी करवणाऱ्या कंपनीचे) फोन सुरू झाले की सगळ्यांना घाई सुटते. थोडं थांबा. मागच्या स्टडीत मी कन्सेंटवर (पेशंटच्या लेखी संमतीवर) तारीख घेतली आणि वेळ घ्यायची राहून गेली. त्याच सकाळी काढलेल्या ईसीजीच्या पट्टीवर मात्र मशीनने वेळ छापली होती. कन्सेंट आधी झाली की ईसीजी आधी, हे कागदावरून दाखवता येईना. डेव्हिएशन, म्हणजे ठरलेली पद्धत मोडल्याची नोंद, लागलं. म्हणून या यादीत वेळेचा विषय पुन्हा पुन्हा येईल.

बाइंडरबद्दल (स्टडीच्या कागदांच्या फाइलबद्दल) फार सांगत नाही: प्रोटोकॉल (स्टडीचा आराखडा), एथिक्स कमिटीचं पत्र, सीव्ही, जीसीपीची (गुड क्लिनिकल प्रॅक्टिसची) सर्टिफिकेटं, लॅबच्या नॉर्मल रेंजेस. सीटीआरआयची (क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीतली) नोंदणी झाली का ते कुणाच्या तोंडी सांगण्यावर सोडू नका, वेबसाइटवर स्वतः बघा. पहिल्या पेशंटच्या आधी ती झालेलीच हवी.

डेलिगेशन लॉगमध्ये (कोण कोणतं काम करणार त्या यादीत) रात्रपाळीच्या सिस्टर हमखास राहतात. बारा तासांनंतरचं सॅम्पल त्याच काढणार, आणि लॉगमध्ये त्यांचं नावच नाही! प्रत्येकाची सही, आद्याक्षरं, कोणतं काम आणि कधीपासून, हे काम सुरू व्हायच्या आधी भरा. ट्रेनिंगची तारीखही त्याआधीचीच हवी.

आता घड्याळं. आदल्या दिवशी ओपीडीतलं भिंतीवरचं घड्याळ, ईसीजी मशीन, फ्रीजचा डेटा लॉगर आणि कॉम्प्युटर, सगळ्यांची वेळ मोबाइलशी जुळवा. जुन्या ईसीजी मशीनची बॅटरी उतरलेली असते, लाइट गेली की तिचं घड्याळ बिघडतं. म्हणून लाइट जाऊन आल्यावर परत बघा. जुळवल्याची नोंद वहीत करा, सही करा, वेळ टाका. वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहा, म्हणजे १:३० दुपारचे की रात्रीचे हा प्रश्नच राहत नाही.

कन्सेंटला सगळ्यात जास्त वेळ द्या. फॉर्मची आवृत्ती एथिक्स कमिटीने मंजूर केलेलीच आहे ना, ते दर वेळी तळाशी बघा. मिरजेच्या ओपीडीत अथणी, कागवाडकडचे पेशंट रोज येतात. त्यांना मराठी समजतं, बोलताही येतं, पण अनेकांना वाचता येतं ते कन्नडच. कन्नड फॉर्म मंजूर करून तयार ठेवा, ऐन वेळी तोंडी भाषांतर करून सही घेऊ नका. पेशंट निरक्षर असेल तर अंगठा आणि निष्पक्ष साक्षीदार. साक्षीदार स्टडीच्या टीममधला चालत नाही. २०१९ च्या नियमांप्रमाणे शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव-पत्ता हे रकाने फॉर्ममध्ये असतात, ते रिकामे सोडू नका. नॉमिनी हा नुकसानभरपाईचा प्रश्न आहे. घरच्यांच्या हक्काची ती ओळ आहे.

आणि वेळ. पेशंटने, साक्षीदाराने, डॉक्टरांनी आपापल्या सहीशेजारी आपापल्या हाताने तारीख आणि वेळ लिहायची. तुम्ही त्यांच्यासाठी भरायची नाही. नंतर तर अजिबात नाही.

मग प्रोसेस नोट, म्हणजे कन्सेंट कशी घेतली याची नोंद. ‘शंकांचं निरसन केलं’ एवढ्यावर भागवू नका. पेशंटने काय विचारलं ते लिहा: ‘जतहून येण्याजाण्याचे पैसे मिळतील का?’, ‘मधेच सोडलं तर इथले उपचार बंद होतील का?’ उत्तर काय दिलं, विचार करायला किती अवधी दिला, प्रत कुणाच्या हातात दिली, आणि हे सगळं किती वाजता. एवढं झाल्यावरच सुई, ईसीजी, वजन, काय ते.

आल्कोआ (ALCOA, चांगल्या नोंदीचे पाच निकष) सगळ्यांना पाठ असतो: कोणी लिहिलं ते कळावं, वाचता यावं, घडलं तेव्हाच लिहिलेलं असावं, मूळ असावं, अचूक असावं. अडतो आपण तिसऱ्या-चौथ्यावर. गर्दीत बीपी चिठ्ठीवर टिपतात, दुपारी ते नीट अक्षरात सोर्सवर (पेशंटच्या नोंदींच्या कागदावर) उतरवतात आणि चिठ्ठी टाकून देतात. अहो, ती चिठ्ठीच मूळ नोंद होती! शक्यतो थेट सोर्सवर लिहा. चिठ्ठीवर लिहिलंच असेल तर त्यावर सही, तारीख, वेळ टाका आणि ती फाइलला लावा.

चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर नोंद, आद्याक्षरं, तारीख, कारण. व्हाइटनर टेबलावर ठेवूच नका, पेन्सिलही नको. राहिलेली नोंद नंतर करायची तर ‘उशिरा केलेली नोंद’ असं स्पष्ट लिहून आजचीच तारीख घाला. मागची तारीख टाकणं म्हणजे खोटा कागद करणं, त्याला दुसरा शब्द नाही.

ईसीजीची पट्टी थर्मल कागदाची असते, काही महिन्यांत फिकी पडते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, सही-तारीख करून दोन्ही एकत्र ठेवा.

पेशंटची डायरी चाळा. पंधरा दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दाबाने लिहिलेल्या असतील तर ती बाहेर बाकावर बसून भरलेली आहे. रागावू नका, काय झालं ते विचारा आणि त्यांनी सांगितलं तसं नोंदवा. गावच्या डॉक्टरांकडे घेतलेलं इंजेक्शन, काढा, चूर्ण हेही नाव घेऊन विचारा, आपणहून कुणी सांगत नाही. तासगावकडचे द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणीत व्हिजिट चुकवतात, तेव्हा तारखा आधीच बोलून ठेवा.

एसएईचा (पेशंटच्या बाबतीत घडलेल्या गंभीर प्रतिकूल घटनेचा) रिपोर्ट २४ तासांत: केंद्रीय औषध नियंत्रकांकडे, स्पॉन्सरकडे, एथिक्स कमिटीकडे. उशीर झाला तर कारण द्यावं लागतं. नातेवाइकाचा रात्री फोन आला तर त्रास कधी सुरू झाला आणि फोन किती वाजता आला, या दोन्ही वेळा तिथल्या तिथे लिहा.

औषधांचं: आलेली, दिलेली, परत आलेली गोळी न् गोळी जुळली पाहिजे. फ्रीज २ ते ८ अंश, रविवारीसुद्धा. ईडीसीच्या (कॉम्प्युटरवर भरलेल्या डेटाबद्दलच्या) क्वेरी साठवू नका. क्लोज-आउटला (स्टडी बंद करताना) एथिक्स कमिटीला पत्र, औषधं परत केल्याची पावती, पीआयच्या (स्टडीच्या मुख्य डॉक्टरांच्या) राहिलेल्या सह्या आजच्या तारखेने. कागदांच्या खोक्यांवर स्टडीचं नाव आणि कधीपर्यंत ठेवायची ते लिहा, जमिनीपासून उंच ठेवा, वाळवीचं औषध मारून घ्या. स्पॉन्सरच्या लेखी परवानगीशिवाय एकही कागद रद्दीत जाता कामा नये.