सूक्ष्मदर्शकाच्या तासाची तयारी: आधी डबी उघडा

गेल्या ऑगस्टमध्ये सातवीच्या बेचाळीस मुलांना पेशी दाखवायला निघाले आणि दाखवला तपकिरी चिखल. यादी होती, यादीवर खुणाही होत्या. ‘कव्हरस्लिप, १ डबी’ (स्लाइडवरच्या नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचा) यासमोरसुद्धा बरोबरची खूण होती, कारण डबी कपाटात दिसत होती. ती उघडली थेट तासाला, मुलांसमोर. पावसाळी ओल आत शिरून शंभर काचांची एकच वीट झालेली. नखाने सुटेना, ब्लेडने सुटेना, जी सुटली तिचे तीन तुकडे. तरी रेटून तास घेतला. उघड्या पापुद्र्यावर भिंग खाली आणलं, ते आयोडीनच्या थेंबात बुडालं, आणि पुढच्या सगळ्या मुलांना फक्त धुकं दिसलं. एका मुलीने वहीत तपकिरी ढग काढून खाली नाव दिलं ‘पेशी’. मी त्यावर बरोबरची खूण केली. दिसलं तेच काढलं होतं तिने.

तर यंदाची यादी. सहावी ते आठवीला जो कुणी कांद्याचा पापुद्रा, पानाची रंध्रं, डबक्याचं पाणी दाखवणार असेल त्याच्यासाठी.

आठ दिवस आधी कव्हरस्लिपची डबी उघडा. हलवून बघू नका, वरून बघू नका, उघडा. वरची काच चिमट्याने उचला, मग दुसरी, मग मधली कुठली तरी. एकेक सुटी निघाली तरच ‘आहेत’ म्हणा. चिकटलेल्या असतील तर कोमट साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवून काही सुटतात, पण भरवसा नाही, त्यामुळे नवीन मागवा. एक डबी नको, दोन. प्रत्येक मुलाने एक कांद्याची आणि एक दुसरी अशी दोन स्लाइड केल्या तर बेचाळीस मुलांना चौऱ्याऐंशी लागतात. फुटणाऱ्या वेगळ्या, आणि फुटतातच. एवढ्याशा काचेसाठी एवढं काय, असं आमच्या स्टाफरूममध्ये एकाने विचारलं. त्यांना मी चाळिसाच्या, म्हणजे चाळीस पट मोठं दाखवणाऱ्या, भिंगाची कड दाखवली. बारीक अक्षरांत कोरलेलं असतं: १६०/०.१७. पहिला आकडा नळीची लांबी, मिलिमीटरमध्ये. दुसरा कव्हरस्लिपची जाडी. म्हणजे वर ०.१७ मिलिमीटरची काच असणार हे धरूनच ते भिंग घासलेलं असतं. काच नसेल तर चित्र धूसर, दोन काचा चिकटून एकत्र गेल्या तरी धूसर. दहाच्या भिंगाला याने फारसं बिघडत नाही, चाळिसाला बिघडतं. शिवाय चाळिसाचं भिंग स्लाइडच्या इतकं जवळ येतं की मध्ये काच नसली की थेंब भिंगालाच लागतो. पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा कापून दहावर वेळ मारून नेता येते. चाळीसवर नाही. मी करून बसले आहे.

त्याच दिवशी डबक्याच्या पाण्याची बरणी लावायची. मूठभर वाळलं गवत किंवा पेंढा पाण्यात दहा मिनिटं उकळा, पूर्ण गार होऊ द्या, मग त्यात ओढ्याचं किंवा डबक्याचं वाटीभर पाणी ओता. नुसतं नळाचं पाणी आणि गवत असं केलंत तर बरणीत मुळात सोडलं काय? आणि नळाचं वापरायचंच असेल तर रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन जाऊ द्या. पहिले दोन दिवस पाणी गढूळ होतं, वर साय धरते, घाण वास येतो. ते जिवाणू. त्यांना खायला पॅरामेशियम हे एकपेशीय जीव वाढतात, चौथ्या-पाचव्या दिवशी भरपूर मिळतात. सायीच्या जरा खालून ड्रॉपर भरायचा. बरणीला झाकण घट्ट लावायचं नाही, पण तोंडाला पातळ कापड बांधायचंच. न बांधता ठेवलीत तर पाचव्या दिवशी डासांच्या अळ्या शिकवाल, आणि पावसाळ्यात शाळेत डास पाळल्याबद्दल मुख्याध्यापक काय म्हणतील ते ऐकाल.

मोहरी तीन दिवस आधी. डब्याच्या झाकणात ओला टिश्यू, त्यावर दाणे लांब लांब, वरून दुसरं झाकण. मुळावर पांढरी लव येते, ती मूलरोमांची. नुसत्या हातभिंगातून सुंदर दिसते. बोट लागलं की चिकटून मोडते, म्हणून झाकणासकट फिरवा. मटकीही चालेल, पण मटकी मुलं खातात.

सूक्ष्मदर्शक बाहेर काढून प्रत्येक भिंगातून एकदा बघा. बुरशी भिंगावरही धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. आरसा फिरतो का, स्क्रू घसरतो का ते बघा. शाळेत येणारे बरेचसे अंबाल्याचे, मजबूत असतात, पण कपाटात पाच वर्षं बंद राहिले की ग्रीस खळीसारखं होतं. खिडकी कोणती ते आधी ठरवा. पंख्याखालची जागा नको. आरशाचे सूक्ष्मदर्शक असतील तर आकाशाचा उजेड घ्यायचा, नाहीतर पांढऱ्या भिंतीचा. सूर्याकडे आरसा करायचा नाही. हे मुलांना एकदा सांगून भागत नाही, कारण जास्त उजेड म्हणजे जास्त स्पष्ट असं त्यांना वाटतं, आणि आरशाचा हात एखाद्या तरी पोराला आवरत नाही. डोळा जाऊ शकतो. ज्या खिडकीतून ऊन आत येतं तिच्यासमोर टेबल लावायचंच नाही, म्हणजे प्रश्न मिटला.

जोडतास मागून घ्या. पस्तीस मिनिटांत होत नाही. हिशोब साधा आहे: तीन सूक्ष्मदर्शक, बेचाळीस मुलं, एकामागे चौदा. प्रत्येकाला मिनिटभर धरलं तरी एका स्लाइडला पंधरा मिनिटं जातात, आणि ज्याला दिसत नाही त्याला मिनिट पुरत नाही. चौदा मुलं रांगेत उभी राहिली की बारा मुलं मारामारी करतात. म्हणून सगळ्यांना एकदम सूक्ष्मदर्शकापाशी आणायचंच नाही. सातसातचे सहा गट, तीन सूक्ष्मदर्शकावर, तीन बाकांवर. बाकांवर हातभिंगाखाली मोहरी आणि एकेकाला जास्वंदीचं फूल. जास्वंद सोपी, मोठी, कुणाच्याही अंगणात असते. उभी चिरली की पुंकेसरांची नळी, तिच्यातून गेलेली कुक्षिवृंताची दोरी आणि वर पाच टिकल्या दिसतात, पाच मोजायला लावा. फोल्डस्कोप असेल तर तोही बाकावर द्या. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या चमूने काढलेला हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक १४० पट मोठं दाखवतो, आणि तो मोडेल म्हणून जीव टांगणीला लागत नाही.

आदल्या दिवशी: आयोडीन. प्रयोगशाळेतलं नसेल तर औषधाच्या दुकानातलं बीटाडीन पातळ करून चालतं, देशी चहासारखा नको, लिंबूचहासारखा रंग ठेवा. गणवेशावर पडलं तर पालक तुमच्याकडे येतील. ड्रॉपर, चिमटे, सुया, टिपकागद, पाण्याची वाटी, हे माहीत आहेच. ब्लेड मोजून आणा, मोजून परत घ्या; सातवीला मी कापायला देत नाही, स्वतः कापते. आणि कव्हरस्लिपची डबी पुन्हा उघडा. हो, पुन्हा. आठ दिवसांपूर्वी सुट्या होत्या म्हणून आज सुट्या आहेत असं समजू नका, मधल्या आठवड्यात पाऊस झाला असेल. डबी घट्ट झाकणाच्या बरणीत तांदळाच्या दाण्यांत किंवा बुटांच्या खोक्यातल्या सिलिका पुडीबरोबर ठेवा. दुसरी डबी कपाटात नको, पर्समध्ये. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते नेमके त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला जातात.

पानाची रंध्रं दाखवायची सोपी युक्ती नेलपॉलिशची. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात, दहा मिनिटं वाळू द्या, सेलोटेप लावून ओढा, टेप तशीच स्लाइडवर. इथे कव्हरस्लिप लागत नाही, एवढं एकच काम तिच्यावाचून होतं. पण पान बघून घ्या. कण्हेर घेऊ नका: तिची रंध्रं पानाच्या पाठीवरच्या केसाळ खळग्यांत खोल असतात, ठशात येत नाहीत, आणि झाड विषारी. शाळेच्या कुंडीतला रिओ उत्तम, खालून जांभळा असतो, त्याची तर साल काढूनच बघा, रंध्रं हिरवी आणि भोवतालच्या पेशी जांभळ्या.

सकाळी लाल कांदे, फुलं, रिओची पानं. एक स्लाइड स्वतः करून बघा, तीनही सूक्ष्मदर्शकांवर. माझ्याकडून गेल्या वर्षी हेच राहिलं. केलं असतं तर डबी सकाळीच उघडली असती.

तासात. पापुद्रा कांद्याच्या जाड पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा घ्यायचा. वाळू द्यायचा नाही, काढल्या काढल्या वाटीतल्या पाण्यात. मुलं नखाएवढा तुकडा काढतात आणि त्याची घडी पडते; तांदळाच्या दाण्याएवढा पुरे. थेंब, पापुद्रा, आयोडीन, मग काच. काच ठेवायची पद्धत प्रत्यक्ष करून दाखवा: एक कड थेंबाला टेकवायची, तिरकी धरायची, सुईवर तोलून हळूहळू खाली सोडायची. थपकन टाकली की बुडबुडा. आणि बुडबुडा मुलांना पेशीपेक्षा जास्त आवडतो, कारण तो गोल असतो, त्याला जाड काळी कड असते, आणि पुस्तकातल्या चित्रात पेशी गोलच असते. दर तुकडीत तीन-चार वह्यांत बुडबुड्याची आकृती येते, त्यात केंद्रकसुद्धा दाखवलेलं असतं. आधीच फळ्यावर बुडबुडा काढून सांगा की हा दिसला तर स्लाइड सरकवा. कांद्याच्या पेशी विटांसारख्या रांगेत लागलेल्या असतात, हेही सांगा. पहिल्यांदा कुठलं भिंग? लहान. नेहमी लहान. भिंग खाली नेताना आयपीसमधून नाही, बाजूने बघायचं, आणि चाळीसवर मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही. खळ्ळ आवाज आला की काच गेली.

आता ज्यासाठी मी हा सगळा व्याप करते ते. लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा, यात आयोडीन नको, रंग त्याचा त्याला आहे. साध्या पाण्यात स्लाइड, वर काच. पेशी काठोकाठ जांभळ्या दिसतात. मग काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब, अर्ध्या कपात चमचाभर मीठ, आणि दुसऱ्या कडेला टिपकागद. कागद पाणी ओढतो, त्याच्यामागे मीठपाणी काचेखालून सरकत येतं. दोन-तीन मिनिटं डोळा काढायचा नाही. जांभळा रंग भिंतीपासून सुटतो, आधी कोपऱ्यांत, मग सगळीकडून आत आक्रसतो, आणि मोकळ्या पांढऱ्या चौकटीत जांभळी गोळी उरते. भिंत जागच्या जागी, आतलं अंग सुटलेलं. पेशीला भित्तिका आणि पटल असे दोन वेगळे थर असतात हे मी दहा वर्षं फळ्यावर सांगत होते, इथे ते पोरं स्वतः बोलतात. याला रससंकोच म्हणतात, हे नाव नंतर द्या. आधी विचारा, घरी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवल्यावर खाली पाणी कुठून येतं. मग साधं पाणी ओढा, बऱ्याच पेशी परत फुगतात. हा प्रयोग कव्हरस्लिपशिवाय होतच नाही. काच नसेल तर पाणी ओढणार कशाखालून? म्हणून म्हणते, डबी उघडा.

पॅरामेशियम पळतात. मुलं ‘सर्रकन गेला’ एवढंच सांगतात. थेंबात कापसाचे चार-पाच तंतू पिंजून टाका, अडकतात. दह्यातले जिवाणू दाखवीन असं कबूल करू नका, शाळेच्या सूक्ष्मदर्शकात ते ठिपके दिसतात आणि मुलं कुठल्याही कचऱ्याला जिवाणू म्हणतात. सूक्ष्मजीव हवेच असतील तर बेकरीचं यीस्ट कोमट साखरपाण्यात तासभर ठेवा, फुटवे दिसतात. गालाच्या पेशी करायच्या तर ज्याची त्याची काडी, वापरली की थेट जंतुनाशकात. रक्त नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही.

शेवटी. घंटा झाली की सगळे पळतात, त्याआधी पाच मिनिटं थांबवा. भिंगं मऊ धुतलेल्या सुती कापडाने पुसा, ओढणीच्या टोकाने नको. स्लाइड साबणात. बरणी झाडाखाली ओता. फुटक्या काचा पत्र्याच्या डब्यात, केरात नाही, केर मुलंच काढतात. हात धुवा. वह्या दुसऱ्या दिवशी.

यंदा सत्तावीस फुटल्या. उरलेल्या धुऊन, सुती कापडावर एकेक सुटी वाळवून, मधे टिपकागदाचे तुकडे घालून तांदळात ठेवल्या आहेत. जूनमध्ये शाळा उघडली की आधी ती बरणी बघणार आहे.