सोन्याच्या वाटेवर गाडी नेताना

कॅलिफोर्नियातल्या हायवे 49 ला हा आकडा मिळाला तो 1849 साली सोन्यासाठी धावत आलेल्या लोकांवरून. सगळा रस्ता एका दमात उरकू नका. कोलोमा ते कोलंबिया एवढाच टप्पा दोन दिवसांत करा. कोलोमाला 24 जानेवारी 1848 रोजी जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले, तिथे नदीकाठी निवांत बसा. पाण्याखालची वाळू उन्हात अशी चमकते की हात आपोआप आत जातो! (ती चमक बहुधा अभ्रकाची.) कोलंबियाच्या मुख्य रस्त्यावर गाड्यांना बंदी आहे, चालायची तयारी ठेवा. घाटात मोबाइलची रेंज जाते, नकाशा आधीच डाउनलोड करा. बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) मंडळींनी शक्यतो एप्रिलमध्ये निघावं. तेव्हा डोंगर हिरवे असतात, जुलैत ऊन भाजून काढतं.