हरलात? ‘नवा डाव’ दाबण्याआधी हे करा

ऑनलाइन बुद्धिबळात नवख्यांचे बरेचसे डाव एकाच कारणाने जातात: मोहरा फुकट मारला जातो. मग घाईघाईत पुढचा डाव, आणि पुन्हा तीच चूक.

१. ३ किंवा ५ मिनिटांचे डाव सध्या बाजूला ठेवा. १५+१० निवडा, म्हणजे दोघांना १५-१५ मिनिटं आणि प्रत्येक चालीमागे १० सेकंद वाढीव. विचार करायला वेळच नसेल तर सुधारणा कशी होणार?

२. हरलेला डाव इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) न लावता पहिल्यापासून बघा. पहिला मोहरा जिथे फुकट गेला तिथे थांबा आणि प्रतिस्पर्ध्याची त्याच्या लगेच आधीची चाल नीट पाहा. कारण बहुधा तिथेच सापडतं: लांबच्या कर्णावरचा उंट, किंवा राजाला शह देतानाच हत्तीवरही रोखलेला घोडा. वहीत एक ओळ लिहा: ‘घोड्याचा दुहेरी हल्ला दिसला नाही.’

३. आता इंजिन लावा. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर हे विश्लेषण मोफत आहे.

थोड्या ओळी जमल्या की एखादा प्रकार वारंवार दिसू लागतो. कोडी त्याच प्रकारची सोडवा. लिचेसवर ती विषयानुसार निवडता येतात. ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ करण्यापेक्षा याचा फायदा लवकर होतो, असं माझं ठाम मत आहे.

मात्र डाव चालू असताना इंजिन उघडू नका, अगदी दिवसाला एक चाल अशा संथ डावातही. ती फसवणूक ठरते आणि खातं बंद होऊ शकतं.